आज काय आलंय? मराठवाड्यातून कोकण किनाऱ्याला गाडीनं जाणाऱ्यांसाठी जेवणाची वाट

मी अंबाजोगाईची. समुद्राकाठी मी जेवलेलं पहिलं जेवण म्हणजे पनीर मसाला आणि तंदुरी रोटी. गुहागरला पोचलो तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. पाच ठिकाणी गाडी थांबवली, पाचही ठिकाणी एकच उत्तर: जेवण संपलं. एका घरातल्या काकूंनी तर दारात येऊन हळहळत विचारलं, "सकाळी फोन नाही का केलात?" आम्हाला हसू आलं. जेवायला जायचं तर फोन कशाला करायचा? शेवटी रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉटेलात शिरलो. तिथं बारा पानांचं मेनूकार्ड होतं आणि मांजरसुंब्याच्या ढाब्यावर मिळतं तेच सगळं त्यात होतं. सासूबाई रोटी मोडत म्हणाल्या, "याच्यासाठी एवढ्या लांब आलोत का?"

त्यानंतर सहा वेळा गेलो. आता आमच्याकडं एक वही आहे, तिच्यात गावाप्रमाणे फोन नंबर आहेत, आणि उन्हाळा आला की शाळेतल्या दोन-तीन जणी ती मागायला येतात. नंबर इथं देता येणार नाहीत, पण ते कसे मिळवायचे हे सांगते.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका. आपल्याकडचा ढाबा गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला असतो. रात्री अकराला जा, शेवभाजी आणि भाकरी येते. कोकणात चांगलं जेवण घरात शिजतं, मोजून शिजतं, आणि ज्यानं आधी सांगितलं त्याच्यासाठी शिजतं. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

१. आधी महिना ठरवा, गाव नंतर

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. पावसाळ्यातलं हिरवं कोकण बघायला जरूर जा, पण त्या दिवसांत कुणी "ताजी सुरमई" म्हणून पुढं केली तर ती बर्फातली आहे किंवा बाहेरून आलेली आहे असं समजा. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, म्हणजे जूनच्या मध्यानंतर तिकडचा मासा इकडं येऊ शकतो. त्या महिन्यांत शहाण्यानं खाडीचे मासे, तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, आणि सुकी मासळी खावी. सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, घातलेली वांग्याची भाजी आणि तांदळाची भाकरी बाहेर पाऊस कोसळताना खाल्ली, तर पापलेटाची आठवणसुद्धा येत नाही.

नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा होते आणि दर्यावरची लगबग पुन्हा सुरू होते. पण लगेच धावू नका, श्रावणात बऱ्याच घरांत मासे शिजत नाहीत. गणपतीत तर जाऊच नका, म्हणजे जेवणासाठी जाऊ नका. मुंबईची सगळी मंडळी गावी आलेली असतात, घरं माणसांनी भरलेली असतात आणि खानावळ चालवणाऱ्या वहिनी स्वतःच्या पाहुण्यांच्या मोदकांत बुडालेल्या असतात.

माझं मत विचाराल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. बांगडा भरपूर असतो, हवा बरी असते. शाळेच्या सुट्टीमुळं आम्हाला मे महिनाच मिळतो, त्यामुळं आंबा, फणस आणि गर्दी तिन्ही पदरात पडतात. ओल्या काजूची उसळ खायची तर मात्र मार्च-एप्रिल गाठावा लागतो. मेच्या शेवटी मागाल तर वाळलेले काजू भिजवून केलेली येईल.

वारसुद्धा बघा. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी बरीच घरं मासे करत नाहीत. संकष्टी, एकादशी आहेच. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाणाऱ्यांचे वार. आम्ही शनिवारी पोचून रविवारी जेवायला बसतो.

२. घाट उतरेपर्यंत पोट राखून ठेवा

लातूर, नांदेडकडच्यांना रस्ता सोपा आहे. नागपूर–रत्नागिरी महामार्ग धरायचा: तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आणि मग आंबा घाटानं खाली रत्नागिरीकडं. मालवणकडं जायचं तर कोल्हापूरहून गगनबावडा किंवा फोंडा घाट. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीडकडचे लोक पुण्यावरून ताम्हिणी घाटानं माणगावला उतरतात आणि श्रीवर्धन, दिवेआगर किंवा दापोलीकडं वळतात.

पहिल्या दिवसाचं जेवण घरूनच न्या. दशम्या, धपाटे, शेंगाची चटणी, लोणचं. बाहेर खायची हौस असेल तर सोलापूर ते सांगोला या पट्ट्यात ज्वारीची भाकरी पोटभर खाऊन घ्या. मंगळवेढ्याची ज्वारी नावाजलेली आहे, आणि घाट उतरल्यावर आठवडाभर ज्वारी दिसणार नाही. तिसऱ्या दिवशी आपल्या माणसांना भाकरीची जी आठवण येते ती मी दरवर्षी बघते. मिरज लागलं की आमचे हे गाडीचा वेग कमी करून हात जोडतात. २०१६ च्या एप्रिलात लातूरला पाण्याची रेल्वे इथूनच आली होती. त्यांची बहीण लातूरला राहते, तिच्या नळाला तेव्हा काय येत होतं ते त्यांनी पाहिलं आहे.

मुक्काम कोल्हापुरात करा. तांबडा-पांढरा तिथंच खाऊन घ्या आणि तो विषय संपवा. सकाळी मिसळ खाऊन घाटाला लागू नका, वळणांवर मुलं उलट्या करतात. चहा, केळी, बस.

३. दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर, त्याच्या वर नाही

सागरी महामार्ग नकाशावर सरळ दिसतो. खाली उतरल्यावर तो टेकडी चढतो, खाडीपाशी उतरतो, बाजारपेठेतून अंग चोरून जातो. सरासरी ताशी तीस धरा. आपल्याकडच्या हिशोबानं "दीड तासात पोचू" म्हणालात की जेवण हुकलंच.

शिवाय फेरीबोटी आहेत. सावित्रीच्या खाडीवर वेसवी–बागमांडला, वाशिष्ठीवर दाभोळ–धोपावे, शास्त्रीच्या मुखाशी जयगड–तवसाळ. गाडीसकट पलीकडं नेतात आणि मोठा वळसा वाचतो. मुलांना तर सगळ्या सहलीत हेच आवडतं. पण एक फेरी डोळ्यांदेखत सुटली की पुढचीसाठी बसून राहावं लागतं. म्हणून जेवणाची वेळ ठरवताना खाडी मध्ये येते का ते बघा. आमचा नियम असा: खाडी ओलांडायची ती सकाळी, जेवण पलीकडं. एकदा जयगडच्या धक्क्यावर रांगेत अडकलो आणि पलीकडं सहा पानं निवत होती. त्या काकू रागावल्या नाहीत, पण पुढच्या वर्षी मीच त्यांना फोन करायला लाजले.

घड्याळ पक्कं लक्षात ठेवा. दुपारचं जेवण साडेबारा ते दोन, फार तर अडीच. मग दुकानंसुद्धा चारपर्यंत झोपतात. रात्रीचं आठ ते साडेनऊ. नऊनंतर छोट्या गावात पोचणार असाल तर सांगून ठेवा, नाहीतर बिस्किटं सोबत ठेवा.

४. विचारायचं कुणाला

रस्त्यावर मोठ्या अक्षरात "अस्सल मालवणी" लिहिलेलं दिसलं की मी पुढं जायला सांगते. मालवणी माणूस स्वतःच्या दारावर अस्सल कशाला लिहील? त्यापेक्षा गल्लीच्या तोंडाशी हातानं रंगवलेली पाटी शोधा: "घरगुती जेवण मिळेल. आधी ऑर्डर द्यावी." त्या दुसऱ्या वाक्यावर माझा फार विश्वास आहे.

माणसं कोणती विचारावीत, तर जी गावात नोकरीला आहेत आणि रोज बाहेर जेवतात. एस.टी. स्टँडचे कंट्रोलर, बँकेतले कारकून, शाळेतले मास्तर. मास्तर तर हमखास. कोकणात आपल्याकडचे किती शिक्षक नोकरीला आहेत! देवगडकडच्या एका शाळेसमोर मी बोलण्यावरूनच एकांना ओळखलं. "कुठले वो तुम्ही?" "परळीचा." पुढं काही विचारावं लागलं नाही, ते स्वतः गाडीत बसून खानावळीपर्यंत आले.

दुसरी जागा मासळीबाजार. तिथं मासे घ्यायला आलेल्या माणसाकडं बघा. कुणी एकाच वेळी बरीच मासळी निवडून, घासाघीस करून घेत असेल तर ती खानावळवाली असायची. तिलाच विचारा, "मावशी, तुमच्याकडं जेवायला येऊ का?" हर्णैला संध्याकाळी वाळूवर लिलाव चालतो, बैलगाड्यांतून मासळी किनाऱ्यावर येते. तो बघायला जाच, आणि बघता बघता हे कामही करा. रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर आणि मालवणचा किनारा इथंही असंच जमतं.

राहायच्या जागेच्या मालकाला विचारताना जरा बेतानं. तो स्वतःच्या भावाचं हॉटेल सांगतो. त्याला असं विचारा: "तुमच्या घरी पाहुणे आले आणि घरी स्वयंपाक नसला तर तुम्ही कुठं नेता?" प्रश्न बदलला की बहुधा उत्तरही बदलतं.

मोबाइलवरचे तारे मी बघते, पण उलटे. पाच तारे सोडून देते, तीन तारेवाले वाचते. "खूप वेळ लागला", "मेनू नाही, जे असेल तेच देतात", "पार्किंग नाही" अशा तक्रारी असतील तर जागा बहुतेक चांगली. "वास येत होता", "बिलात जास्त लावलं" असं दोघांनी लिहिलं असेल तर जाऊ नका. फोटो गेल्या दोन-तीन महिन्यांतले आहेत का तेही बघा. जिच्या हातची चव असते ती बाई गेली की खानावळीत पाटीच तेवढी जुनी उरते.

५. सकाळचा फोन

हाच खरा मंत्र. आदल्या रात्री किंवा सकाळी आठ-साडेआठपर्यंत फोन करायचा, कारण बाजाराला जाण्याआधी तो पोचला पाहिजे. मी काय बोलते ते जसंच्या तसं लिहिते:

"नमस्कार काकू, आम्ही अंबाजोगाईची माणसं. आज दुपारी एक वाजता सहा पानं होतील का? चार मासे खाणारे, दोन शाकाहारी, कांदा-लसूण चालतो. आज काय आलंय?"

तिकडं "पानं" म्हणजे जेवणारी माणसं. हा शब्द वापरलात की समोरच्या आवाजात फरक पडतो. आणि "भेटंल का" म्हणू नका. आपल्याकडं जेवणसुद्धा भेटतं, तिकडं फक्त माणसं भेटतात. मालवणातल्या एका आजोबांनी आमच्या ह्यांना विचारलं होतं, "जेवणाक भेटून काय बोलतलास?"

शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. "सुरमई आहे का?" असं विचारलंत तर उत्तर "हो" येतं, मग ती कधीची का असेना. "आज काय आलंय?" विचारलंत तर त्या खरं सांगतात. "आज बांगडो बरो हा", किंवा "सुंगटां आसत", म्हणजे कोळंबी. जे आलं असेल ते करा म्हणायचं आणि गप्प बसायचं. आमच्या सगळ्यांत चांगल्या जेवणात पापलेट नव्हतं, सुरमई नव्हती. तारकर्लीजवळ एका घरी पेडव्यांचं तिखलं होतं, स्वस्तातला काटेरी मासा, आणि आमचे दीर त्या वाटणाची भांडी पुसून खायला निघाले होते.

फोनवरच आणखी तीन गोष्टी विचारून घ्या. पानाचा भाव काय आणि त्यात मासा किती येतो. गाडी दारापर्यंत येते का. आणि पैसे रोख द्यायचे का. बऱ्याच वाड्यांत मोबाइलला रेंज नसते, मग क्यूआर कोडचा कागद नुसता भिंतीवर शोभतो. पैसे काढायचे यंत्र बाजारपेठेच्या गावात मिळेल, किनाऱ्यावरच्या वाडीत नाही.

आणि एकदा सांगितलंत की जा. बेत बदलला तर लगेच कळवा. त्यांनी तुमच्यासाठी खोबरं खवलेलं असतं.

६. ताटात काय आलं ते ओळखा

आपण गोड्या पाण्यातला मासा खाणारी माणसं. मांजरा, माजलगाव, जायकवाडीचा रोहू, कटला, मरळ. समुद्राचा मासा वेगळा लागतो, काटे वेगळे असतात. पहिल्यांदा खाणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी सुरमई किंवा मोरी बरी. मोरी म्हणजे लहान मुशी (शार्क), तिला काटेच नसतात, नुसती मऊ कुरकुरी असते. बांगड्याचा मधला काटा एकदा उचलता आला की सोपा. मांदेली कुरकुरीत तळलेली असली तर काट्यासकट खातात. पेडवे, तारली मुलांना देऊ नका.

उत्तरेकडं, रायगडच्या बाजूला बोंबील मागा. ओले बोंबील तळलेले बाहेरून कडक, आतून लोण्यासारखे असतात. सिंधुदुर्गात उतरलात की बांगडा आणि तिरफळ. तिरफळ ही आमटीतली हिरवट-काळी गोटी चावायची नसते. माझ्या मुलानं चावली आणि अर्धा तास जीभ बधिर झाली म्हणून रडला. कुर्ल्या, म्हणजे खेकडे, अमावास्येच्या सुमारास भरलेले असतात आणि पौर्णिमेला पोकळ, असं तिकडचे लोक सांगतात. मी दोन्ही वेळा खाऊन पाहिलेत, मला त्यांचं पटलं.

तिखटाबद्दल. "आम्ही मराठवाड्याचे, तिखट करा" असं सांगायची आपल्या पुरुषांना फार हौस. करू नका. तिथली आमटी लाल दिसते पण ती खोबऱ्याच्या वाटणावर उभी असते, आमसुलाचा आंबटपणा तिला धरून ठेवतो. वरून मिरची ओतली की सगळं विस्कटतं. घरचा काळा मसाला, शेंगदाण्याचा कूट घरी ठेवा. पुडीतली शेंगाची चटणी मात्र न्या, ती भातावर शेवटच्या घासाला बरी लागते आणि काकूंनाही द्या. आमच्या वहीतल्या दोन घरांशी ओळख त्या चटणीनंच घट्ट झाली.

सोलकढी शेवटी प्या. खरी सोलकढी नारळाच्या दुधाची, फिकट गुलाबी, थोडा वेळ ठेवली की वर-खाली वेगळी होणारी. सरबतासारखी गडद, काचेसारखी आरपार दिसणारी आली तर समजा की नारळ फोडायचा कंटाळा केलाय.

आता फसगत. मेनूवर "भाव मोसमाप्रमाणे" किंवा "साइजप्रमाणे" लिहिलेलं असेल तिथं मासा तळायच्या आधी बघायला मागा आणि आकडा वदवून घ्या. एका किनाऱ्यावर आम्ही नुसतं "एक पापलेट आणा" म्हणालो आणि त्या एका पापलेटाचं बिल बाकी सगळ्यांच्या थाळ्यांइतकं झालं. भांडून उपयोग नव्हता, विचारलंच नव्हतं. शेवंड (लॉबस्टर), मोठी कोळंबी यांच्या बाबतीत तर हमखास. थाळीत सुरमईच्या किती तुकड्या येतात तेही विचारा.

स्वतः मासा घेऊन करून द्यायची सोय काही घरांत असते. घ्यायचा झाला तर डोळे फुगीर आणि चकचकीत हवेत, कल्ले उघडून बघितले तर लालभडक, बोटानं दाबलं तर खळगा लगेच भरून यावा. पापलेट कल्ल्यापाशी दाबायचं. पांढरं पाणी आलं तर ताजं, तांबूस आलं तर ठेवून द्यायचं, हे मला हर्णैच्या कोळणीनं शिकवलं. वास घ्यायला लाजू नका. ताज्या माशाला समुद्राचा वास असतो, नाक मुरडावं लागत नाही.

एक सावधगिरीची गोष्ट, हसण्यावारी नेऊ नका. आपल्या भागात कोळंबी, खेकडे, तिसऱ्या कुणी लहानपणापासून खाल्लेल्या नसतात, त्यामुळं ते आपल्याला सोसतात का हे माहीतच नसतं. दिरांनी पहिल्याच दिवशी डझनभर कोळंब्या रिचवल्या आणि रात्री अंगभर गांधी उठल्या. पहिल्या दिवशी दोन-तीनच खाऊन बघा, आणि ॲलर्जीची गोळी डॉक्टरांना विचारून सोबत ठेवा. ओठ, जीभ सुजली किंवा श्वास लागला तर गोळीवर बसू नका, सरळ दवाखाना गाठा.

७. माळकऱ्यांचं ताट

आमच्या गाडीत दोन माळा असतात, सासूबाईंची आणि मामंजींची. कोकण म्हणजे मासेच असं समजून माळकरी माणसं घरी राहतात, हे फार चुकीचं. शाकाहारी जेवण तिथं इतकं वेगवेगळं आहे की मीच कधीकधी मासे सोडून सासूबाईंच्या ताटाकडं बघते. काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या, वालाचं बिरडं, कुळथाची पिठी आणि भात, केळफुलाची भाजी, कच्च्या फणसाची भाजी, अळूचं फदफदं. दिवेआगर, श्रीवर्धन, गुहागर, गणपतीपुळे या पट्ट्यात निव्वळ शाकाहारी खानावळी भरपूर आहेत आणि उकडीचे मोदक आदल्या दिवशी सांगितले तर मिळतात. आयत्या वेळी मागू नका. मिळालेच तर फ्रिजमधले मिळतील.

माळ असणाऱ्यांची खरी अडचण भांड्यांची असते. मिश्र घरी जाणार असाल तर फोनवरच सरळ विचारा: "शाकाहारीचा स्वयंपाक वेगळ्या भांड्यांत होतो का?" तिकडं या प्रश्नाचं कुणाला वाईट वाटत नाही. नाही म्हणाले तर त्या दोघांसाठी शाकाहारी खानावळीतून डबा घ्या आणि सगळे एकत्र बसा. सासूबाई आता मासे खाणाऱ्यांच्या पंगतीत बसतात, फक्त वाऱ्याच्या अलीकडच्या बाजूला.

सकाळच्या न्याहारीला घावणे आणि खोबऱ्याची चटणी, किंवा दडपे पोहे. गोडात शिरवळे मिळाले तर सोडू नका, तांदळाच्या शेवया आणि गूळ घातलेलं नारळाचं दूध. मालवणात खाजं.

८. सोबत काय घ्यायचं

वही आणि पेन, कारण मोबाइल तिथं निम्मा वेळ मुका असतो. रोख पैसे, त्यात सुट्ट्या नोटा, फेरीबोटीलाही लागतात. घट्ट झाकणाचा डबा, उरलेलं न्यायला. पिण्याच्या पाण्याचा मोठा कॅन, घामानं शरीर कोरडं पडतं आणि आपल्याला त्या दमट उन्हाची सवय नसते. ओवा, हिंग्वाष्टक, लिंबं. उलटीची गोळी, ॲलर्जीची गोळी. जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्याचं कारण खाली.

९. परतीचं सामान

कोकम, आगळ (कोकमाचा खारवलेला रस), कुळथाचं पीठ, ओल्या नारळाच्या वड्या हे जिथं जेवलात त्या घरातूनच घ्या, दुकानापेक्षा बरं असतं. आंब्याचं बघून. पेटीवर "देवगड हापूस" छापलेलं असलं म्हणून आतला आंबा देवगडचा असतोच असं नाही. कर्नाटकातला आंबा हापूसच्या पेटीत घालून विकतात. हमरस्त्यावरच्या टपरीऐवजी आतल्या बागायतदाराच्या अंगणातून, गवतात लावलेला बघून घ्या.

आणि सुकी मासळी. सोडे, बोंबील, जवळा हे आपल्या आठवडी बाजारातही मिळतं, पण तिथल्या सोड्यांची गोष्ट वेगळी, म्हणून मोह होतो. आम्ही पहिल्या वर्षी नुसत्या पिशवीत बांधून डिकीत टाकले. सांगोल्याजवळ काचा उघडल्या, सोलापुरात मामंजी पुढच्या सीटवर आले, आणि पुढं दोन महिने गाडी कुणाला लग्नाला द्यायची सोय राहिली नाही. वर्तमानपत्राच्या चार घड्या, त्यावर प्लॅस्टिक, मग झाकणाचा डबा, आणि डबा टपावर बांधायचा. घरी आल्यावर एक दिवस कडक ऊन द्या, मांजर कुठं आहे ते बघून.